साळिंदराचं सफरचंद

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी इतके शहाणे होते की कुणी काही लावतच नसे.

वेडं फक्त एक साळिंदर. त्याने परसात गोड सफरचंदाचं कलम लावलं.

"सफरचंद थंडीतलं फळ. आपल्या उन्हात आलंच, तर आंबटढाण येईल," कोल्होबा म्हणाले. ते झाडांवर व्याख्यानं देत. झाड लावायला त्यांना सवड नसे.

सगळे हसले. कोल्होबा बोलले की हसायची तिथे रीत होती.

साळिंदर मात्र ओढ्यावरून पाणी वाहत राहिलं. धाकट्या भावाला म्हणायचं, "बारक्या, पहिलं सफरचंद तुझं. आंबट निघालं तर मला शिव्या घाल."

"घालणारच," बारक्या म्हणायचा.

एका उन्हाळ्यात पाणी आणताना साळिंदर ओढ्याकाठी कोसळलं, ते उठलंच नाही. मातीला कुणी आलं नाही. ऊन फार होतं.

थंडी सरली आणि कलमाला पहिल्यांदा फुलं आली. पांढरी, कडेला गुलाबी. बारक्या झाडाखालून हलेना.

फुलं दिसताच जंगलाला दुःख झालं. शोकसभा ठरली. कोल्होबा अध्यक्ष. माकडं झाडावर चढली.

"काका, फुलं तोडू नका. यांचीच सफरचंदं होतात," बारक्या म्हणाला.

"अरे, तुझ्या दादाच्याच तसबिरीला हार करतोय," कोल्होबा म्हणाले. "त्याच्याच झाडाचा. औचित्य बघ जरा."

"त्याला हार नको होता. सफरचंद हवं होतं."

"फळाची आशा धरू नये, बाळ. तुझा दादा असा नव्हता."

बारक्या काटे फुलवून माकडांवर धावला. अस्वलाने त्याच्यावर पाटी पालथी घातली आणि वर बसलं. "दुःखात आहे बिचारा," ते म्हणालं.

पाटीखालून बारक्याने सगळी सभा ऐकली. साळिंदराला 'वृक्षमित्र' ठरवलं गेलं. लहान हार तसबिरीला गेला, मोठा अध्यक्षांना. "मी पहिल्यापासून त्याच्या पाठीशी होतो," कोल्होबा म्हणाले आणि रडले. सगळे रडले. कोल्होबा रडले की रडायचीही रीत होती.

पुढे सफरचंदांचे दिवस आले. झाडावर नुसती पानं.

कोल्होबा वाटेत थांबले. "बघ बारक्या, फळ धरलं का? मी तेव्हाच सांगितलं होतं."

सगळे हसले.

तात्पर्य : मुलांनो, झाड जरूर लावा, पण निवडुंगाचं. तुमच्या शोकसभेतून ते तरी वाचेल.