पेन्शनरचं निर्जंतुकीकरण

जंतू मारण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! सव्वीस वर्षं मी हॉस्पिटलच्या तळघरात, निर्जंतुकीकरण विभागात काढली आहेत. वर थिएटरमध्ये डॉक्टर लोक जी चकचकीत हत्यारं हातात घेतात, ती आधी माझ्या हातून गेलेली असतात. कात्र्या, चिमटे, करवती, सगळं हिरव्या कापडात गुंडाळायचं, वर पट्टी चिकटवायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कपाटाएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेवर ठेवायचं. पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या पडल्या की समजायचं, आतला शेवटचा जंतूही गेला. इतकी वर्षं मी मरण वाटत आलोय आणि आजवर एकाही जंतूची तक्रार आलेली नाही!

अशा माणसाच्या घरी पाच महिन्यांपूर्वी एक फिशटँक आला. सासरे गेले, त्यांच्यामागे तो राहिला. आत एकच मासा. तळहाताएवढा, केशरी, म्हातारा. दिवसभर काही करत नाही पण जेवायच्या वेळेला बरोबर हजर असतो, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं पेन्शनर. शेवटच्या दिवशी ते बायकोला एवढंच म्हणाले, "पेन्शनरला सांभाळ." घराबद्दल काही नाही, माझ्याबद्दल तर नाहीच.

बायको तेव्हा रडली नाही. नंतरही नाही. कामावरून आली की टँकसमोर स्टूल ओढायची, चिमूटभर दाणे टाकायची आणि अंधार पडेपर्यंत बसून राहायची. मी विचारायचो, "काय गं, बरं वाटत नाहीये का?" ती म्हणायची, "काही नाही हो." यापुढे काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मला सांत्वन करता येत नाही. स्वच्छता करता येते. म्हणून एके दिवशी मी तो टँक जवळून बघितला आणि हादरलोच!

आत सासऱ्यांनी कधीकाळी नदीकाठून ओढून आणलेलं, वाहून आलेलं एक भलंमोठं मूळ होतं. भोवती डझनभर दगड. सगळ्यावर बोटभर हिरवा बुळबुळीत थर!

"अगं, हा मासा गटारात राहतोय!"

"बाबांकडे अकरा वर्षं असाच राहिला."

"म्हणूनच एवढा म्हातारा दिसतोय!"

ती काही बोलली नाही. मी ते होकारात धरलं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी ही चूक माझ्याकडून नेमाने होते.

पेन्शनरची रवानगी बादलीत झाली, त्याच्याबरोबर हवेची नळी आणि पाणी गाळायचा जुना काळाकुट्ट स्पंज. मी कामाला लागलो. दगड थेट आगीवर ठेवायचे नाहीत, आत पाणी अडकलेलं असलं तर फटाक्यासारखे फुटतात, एवढी अक्कल मला आहे. प्रत्येकावर आधी व्हिनेगरचा थेंब टाकला. एक फसफसला. असा दगड पाणी बिघडवतो, म्हणून त्याला कुंडीत हद्दपार केलं. बाकीचे ब्रशने घासले, गरम पाण्यात बुडवले, उन्हात वाळवले. साबणाचा थेंबसुद्धा लावला नाही. सगळं शास्त्रशुद्ध!

घोडं अडलं ते मुळापाशी. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यातही ते पुरतं मावेना! अर्धं आत, अर्धं बाहेर. खालची बाजू तासभर उकळली. मग उलटं केलं, तर उकळलेली बाजू बाहेर आली आणि हवेतले जंतू पुन्हा तिच्यावर बसले. पुन्हा उलटं केलं. दुसरी बाजू बाहेर! पाणी काढ्यासारखं तांबडं होत होतं आणि घरभर कुजक्या पानांचा वास सुटला होता.

"अहो, ते माझं पातेलं आहे ना?" बायकोने दारातून विचारलं.

"होतं," मी म्हणालो.

तेव्हाच मला ती अवदसा आठवली. तळघरात कपाटाएवढा कुकर असताना मी पातेल्याशी का झटतोय?

दुसऱ्या दिवशी मी मूळ पिशवीत घालून कामावर नेलं, दुहेरी हिरव्या कापडात गुंडाळलं, पट्टी लावली. चिठ्ठीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. खोटं मी लिहीत नाही. म्हणून नुसती तारीख टाकली आणि खाली सही केली. वाफेतून गठ्ठा बाहेर आला तेव्हा पट्टीच्या रेघा कोळशासारख्या काळ्या! गठ्ठा फळीवर कोपऱ्यात ठेवला आणि निर्धास्तपणे चहाला गेलो.

आता इथे माझ्या हाताखाली तयार झालेल्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे तराजूताई म्हणतात. गठ्ठा हातात घेतला की आत कुठला सेट आहे ते त्या नुसत्या वजनावरून सांगतात. ही विद्या त्यांना मीच दिली. "ताई, आठ किलोच्या वर भरला की डोळे मिटून समजायचं, हाडांचा सेट. आणि खाली माझी सही असली की शंका काढायची नाही." हे वाक्य मी गेली बारा वर्षं त्यांना ऐकवत होतो.

पाण्याने तुडुंब भरलेलं मूळ नेमकं आठ किलोच्या वर भरलं.

मी चहा संपवून येतो तोच फोन वाजला.

"खाली कोण आहे?" हाडांच्या डॉक्टरांचा आवाज.

"मीच आहे, साहेब."

"आम्ही हाडांचा सेट मागवला होता."

"मिळाला नाही का, साहेब?"

"मिळाला. त्याला मुळं फुटली आहेत."

खरा सेट उराशी धरून मी तीन मजले धावत चढलो. वरचं वर्णन मला नंतर तिथल्या सिस्टरनी सांगितलं. पेशंटला कंबरेखालीच भूल दिलेली, वर तो टक्क जागा. डॉक्टरांनी कापड उघडलं आणि ते फाटे फुटलेलं काळंभोर लाकूड दोन्ही हातांनी उचललं. पेशंटने ते बघितलं.

"डॉक्टर, हे माझ्या पायात बसवणार?"

"नाही, नाही!"

"मग माझ्या पायातून काढलंत?"

नशीब एवढंच की अजून पेशंटच्या पायाला कुणी हात लावला नव्हता. ऑपरेशन पंधरा मिनिटं उशिरा पण नीट पार पडलं. माझं ऑपरेशन मेट्रनबाईंच्या खोलीत झालं. त्याला भूल नव्हती.

"थिएटरमध्ये घाणेरडं लाकूड! तुमच्या सहीने!"

"माझी चूक झाली, मॅडम. पण घाणेरडं म्हणू नका. त्या क्षणी अख्ख्या इमारतीत त्याच्याइतकं निर्जंतुक काही नव्हतं. पट्टी बघा ना!"

मेट्रनबाईंनी पट्टी बघितली नाही. "पंधरा दिवस घरी बसा. मग बघू, सव्वीस वर्षांचं काय करायचं ते."

"लाकूड परत मिळेल का? उघडलंत म्हणजे आता ते पुन्हा उकळावं लागणार."

हे बोलायला नको होतं, असं मला जिन्यात वाटलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पातेलं पुढे केलं. दोन दिवस उलटसुलट करून मी मूळ पुन्हा उकळलं. तळाची वाळू उकळली. काचा पुसल्या. नवा पांढराशुभ्र स्पंज आणला. "जुना टाकून दे," मी म्हणालो, आणि ती "बरं" म्हणाली. दोन दिवस मुरवलेलं नवं पाणी भरलं. असा टँक तुम्ही बघितला नसेल! मेट्रनबाईंनी त्यात हात धुतले असते.

त्यात पेन्शनर सोडला. दोघेही रिकामे, घरी बसलेले. मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी तो तिरका झाला. जेवायच्या वेळी हजर झाला नाही. पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. बायको स्टुलावर बसून होती आणि तिचा चेहरा अगदी पाच महिन्यांपूर्वीसारखा झाला होता.

मी ॲक्वेरियमच्या दुकानात धावलो. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "काय काय धुतलंत?"

"सगळं!" मी सांगितलं. थोडा अभिमान आलाच आवाजात.

त्याने चष्मा काढून ठेवला. "अहो साहेब, माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष पचवणारे जंतू दगडांवर, लाकडावर, स्पंजमध्ये राहतात. तेच मारलेत तुम्ही."

"सगळे मेले असतील का हो?" आयुष्यात पहिल्यांदा मी हा प्रश्न उलट्या आशेने विचारला.

"तुमचं काम कसं असतं, तुम्हीच सांगा."

"एक नंबर," मी म्हणालो आणि मला रडू यायला लागलं.

"रोज थोडंथोडं पाणी बदला. जुना स्पंज असेल तर तो आत ठेवा, तरच काही आशा. आहे का?"

मी नकारार्थी मान हलवली. तो मीच टाकायला लावला होता.

घरी येऊन मी बायकोला खरं काय ते सांगितलं. म्हणालो, "तुझ्या बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती आणि ती मी घासून पुसून मारली."

ती उठली, बाल्कनीत गेली आणि बादली घेऊन आली. तीच बादली, तेच गढूळ पाणी, हवेची नळी बुडबुडे सोडतेय आणि मधोमध तो काळाकुट्ट स्पंज.

"टाकला नाहीस?"

"बाबा दर रविवारी टँकच्याच पाण्यात पिळायचे हा. मला वाटलं, याला त्यांच्या हाताचा वास येतो." तिने स्पंज नाकाशी धरला. "शेवाळाचाच येतो. कळतं मला."

आणि ती रडली! पाच महिन्यांचं सगळं एकदम! मी बादली धरून तिच्याशेजारी उभा राहिलो, ती रडायची थांबेपर्यंत. माझ्या हातात जगातली सगळ्यात घाणेरडी वस्तू होती आणि ती खाली पडू नये म्हणून मी जीव मुठीत धरून होतो.

स्पंज टँकमध्ये गेला. रोज थोडं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पेन्शनर थोडा सरळ झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी, बरोबर वेळेला, तो काचेपाशी येऊन तोंड उघडून उभा! बायको हसली. मलाही पेन्शनची वेळ झाली असली तर चालेल, असं त्या क्षणी वाटून गेलं.

परवा मी कामावर रुजू झालो. आता प्रत्येक गठ्ठा तराजूताई उघडून बघतात, मग माझी सही बघतात आणि मग पुन्हा गठ्ठा बघतात. संध्याकाळी घरी आलो तर टँकच्या काचेवर माझ्याच पिशवीतली पट्टी चिकटवलेली. रेघा फिकट, अजून वाफ न लागलेल्या. खाली बायकोच्या अक्षरात, "निर्जंतुक नाही."

मी कौतुकाने जवळ गेलो. चिमूटभर दाणे घेतले.

"थांबा!" ती स्टुलावरून ओरडली. "हात धुतलेत का?"

"म्हणजे काय! हॉस्पिटलातून निघताना दोनदा, आणि आत्ता साबणाने पुन्हा एकदा!"

"मग लांब व्हा त्याच्यापासून."