हबीब चाचांचा फोकस

हबीब चाचांना लग्नाला बोलावलं की व्हिडिओवाल्याला आधी सावध करावं लागतं. लोक जेवायला बसले की चाचा शांतपणे उठतात, कॅमेऱ्यापाशी जातात आणि त्या माणसाला काही कळायच्या आत दोन बोटांनी लेन्सची कडी फिरवून म्हणतात, "बालभर बाकी होतं." मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात यामुळे नवरदेव धूसर आणि त्याच्या मागची बिर्याणीची डेग लख्ख आली. नवरदेवाचे वडील भांडायला आले. चाचांचं म्हणणं एवढंच होतं, की सारे लोक जिकडं पाहत होते तिकडंच कॅमेऱ्यानं पाहिलं, त्यात त्याची काय चूक.

बालभर म्हणजे केसभर. चाचांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूत बालभर काहीतरी बाकी असतं. चहात साखर बालभर कमी, पंखा बालभर तिरपा, आमच्या छपाईयंत्राचा रोलर बालभर सैल. राग यायचा तो याचा, की बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

मंगरूळपीरला स्टँडकडून येताना त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान लागतं. भिंतीला भिंत लागून आमचा छापखाना. मी बाराखडी हँडबिलांवर शिकले. हमालांचा संप, अंगणवाडीच्या बायांचा मोर्चा, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मागण्या, ज्याच्याकडे तक्रार असेल त्याचा कागद माझे वडील छापत. आणि प्रत्येक कागद आधी शेजारी जाई. चाचा डोळ्याला भिंग लावून वाचत आणि परत देताना सांगत, की मजकूर गरम आहे, पण तिसरी ओळ बालभर वर चढली आहे. मला वाटायचं, अन्यायाविरुद्धच्या कागदावर ओळ काय पाहायची. आता वाटतं, वाकड्या ओळीतला अन्याय कोणी मनावर घेत नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

चाची गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात दुकानाच्या गच्चीवर दुर्बीण आली. कोणाची तरी वापरलेली, आकाशाचे फोटो काढायची. चाचा दुपारी जेवायला घरी जात ते बंद झालं, आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून ते गच्चीवर जाऊ लागले.

त्या दुर्बिणीनं फोटो काढायचे म्हणजे काय कटकट असते, ते मला पाठ झालं आहे. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक वीतभर दुर्बीण बसवलेली असते, तिला गाइडस्कोप म्हणतात. तिच्या मागं अंगठ्याएवढा गाइड कॅमेरा. त्याचं काम एकच. एक तारा धरायचा, त्याच्यावरून नजर हलवायची नाही, आणि तारा जरा सरकला की खालच्या मोटारीला सांगून सगळं सामान त्याच्यामागं फिरवायचं. मोठीचे फोटो भिंतीवर लागतात. या छोट्याचा फोटो कोणी ठेवतसुद्धा नाही. चाचांचा सगळा जीव मात्र या छोट्यावर. त्याचा फोकस चुकला तर त्याला तारा सापडत नाही, आणि मोठीच्या फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात.

फोकस दिवसाच अंदाजे धरून ठेवायचा असतो, लांबच्या वस्तूवर. चाचा गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर धरत. चार दिवसांत गवगवा झाला, की घडीवाला म्हातारा लोकांच्या गच्च्या पाहतो. पाच-सहा जण तावातावानं वर आले. चाचांनी त्यांना लॅपटॉपवर टाकी दाखवली. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे टाकी आकाशातून लोंबत होती. तक्रार तिथंच विरली. एका गृहस्थांनी तेवढं खाली उतरताना विचारलं, मग पाणी कसं सांडत नाही. चाचा म्हणाले, नळाले येते का कधी? सांडायले पाणी त पायजे.

फोटो एकच काढायचा होता. मृगातला तेजोमेघ, आणि त्याच्याभोवतीचे तारे सगळे गोल. त्या फोटोवर त्यांचं गावात राहणं अडकलं होतं. त्यांचा मुलगा अझहरभाई पुण्याला असतो. तो कधीचा म्हणत होता, अब्बा, ज्या दिवशी तुमच्यानं काम होणार नाही त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन. चाचांनी त्याला कबूल केलं होतं, की हा एक फोटो होऊ दे, मग पाहू. दर अमावास्येला काहीतरी बाकी राही. मीही त्यांच्या बाजूनं उतरले आणि अझहरभाईला भलामोठा मेसेज लिहिला, की म्हातारा माणूस म्हणजे कपाट नव्हे, उचललं आणि दुसऱ्या खोलीत ठेवलं. पाठवण्याआधी चाचांना वाचून दाखवला. ते म्हणाले, पोरगा वाईट नाही बेटी, बालभर कमी कर.

या जानेवारीत त्यांनी मला छोट्याच्या फोकसला मदतीला बोलावलं. दिवस मावळला होता, खाली स्टँडवर बसचे पुकारे चालू होते. वर रोहिणी दिसू लागली. चाचा म्हणाले, तुमची रोहिणी, आमचा दबरान, तारा तोच. ते कडी फिरवणार, मी पडद्याकडे पाहणार. त्यांची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. कडी घट्ट करताना फोकस थोडा हलतोच, म्हणून ते मुद्दाम तेवढं मागं थांबत. चाळीस वर्षं घड्याळांचे स्क्रू आवळलेल्या माणसालाच हे जमावं.

पडद्यावर तारा भाकरीएवढा होता, तो लाहीएवढा झाला, मग टाचणीच्या टोकाएवढा. शेजारी ताऱ्याच्या रुंदीचा आकडा येतो, तोही सगळ्यात खाली गेला. मी म्हटलं, झालं. चाचांनी पडद्याकडे पाहिलं, म्हणाले, फुगलेला आहे, आणि कडी पुढं नेली. तारा पुन्हा पसरला. त्यांनी परत आणला, परत तेच. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, आकडा नोकर असते, मालक पाहणारा डोया.

तेव्हा मी ताऱ्याऐवजी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहतच नव्हते. तोंड जरा वळवून पडद्याच्या कडेकडे पाहत होते. आणि माझ्या ध्यानात आलं, की दिवाळीपासून माझ्याशी बोलतानाही ते माझ्या कानाकडे पाहतात. आकाश पाहणाऱ्यांना अंधुक तारा बाजूनं पाहायची सवय असते, असं त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि मी ते तसंच मानलं होतं.

खरं ते तोंडावर सांगावं, हे मी कागदांवर वाचत मोठी झाले. ते कसं सांगावं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"चाचा, तारा फुगलेला नाही. तुमाले दिसून नाही राह्यला."

त्यांनी कडीवरचा हात काढला नाही.

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "डावा पह्यलेच गेला. आता उजव्यातही मधात डाग आहे. मधातलं जाते, बाजूचं राह्यते. तुह्या तोंडाच्या जागी ढग आहे बेटी. कान दिसतात."

दुकानात काय चालतं, तेही मग त्यांनीच सांगितलं. सेल बदलणं आणि पट्टे लावणं हाताच्या अंदाजानं होतं. उघडायची घड्याळं ते बसनं अकोल्याच्या कारागिराकडे पाठवत आणि आपणच दुरुस्त केली म्हणून गिऱ्हाइकाला देत.

"अझहरले सांगशील?"

"त्यानं इचारलं त खोटं नाही सांगणार मी."

"म्हनून त तुले बलावलं," ते म्हणाले. "माही बोटं अजून आहेत. डोये खरे बोलणारे पायजे होते."

त्या संध्याकाळी मी सांगत गेले आणि ते फिरवत गेले. टाचणीचं टोक आलं, त्यांनी तेवढं मागं घेतलं, कडी आवळली, आणि टोक जागेवर येऊन थांबलं. त्यांनी कडीवर चिकटपट्टी गुंडाळली. आता माणसाचं काम नाही, म्हणाले, हा छोटा एकटाच तारा धरते. अमावास्येला आठ दिवस होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अझहरभाईचा फोन मला आला. माझ्या मेसेजबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्यानं विचारलं, अब्बा माझ्यावर रागावले आहेत का? व्हिडिओ कॉलवर ते माझ्याकडे पाहतच नाहीत, दुसरीकडे तोंड करून बोलतात. दोन महिने झाले.

हो म्हटलं असतं तर चाचांना ती अमावास्या मिळाली असती, कदाचित पुढचीही. पण पोराला वाटत होतं, बापानं आपल्याकडून तोंड फिरवलं. आणि उजवा डोळा वेळेत दाखवला तर उरलेलं वाचण्याची शक्यता होती. मी सांगितलं. आजारपण लपवू नका, असं शंभरदा छापलेल्या कागदांवर मी स्वतः शाई लावली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. अझहरभाईनं बापाचे दोन्ही हात धरले आणि मग सामान गाडीत ठेवायला घेतलं. सामान असं काही नव्हतं. एक बॅग, आणि हत्यारांचा लहान डबा, जो आता लागणार नव्हता. दुर्बीण जड म्हणून गच्चीवरच राहिली. चाचा शटर ओढत असताना मी आमच्या दारात उभी होते. त्यांनी मला चांगलं झापावं, असं मला वाटत होतं. झापलं असतं तर मला भांडता आलं असतं.

ते माझ्यापाशी आले. म्हणाले, थंडीत गच्चीवर जाशील त डोक्याले बांधत जाय. असं म्हणताना त्यांनी मान वळवली नाही. निरोप घेताना माणसं पाहतात तसं, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत तसंच पाहत राहिले. त्यांच्यासमोर तेव्हा नुसता ढग होता. थोडं बाजूला पाहिलं असतं, तर मी त्यांना जराशी दिसले असते.