हरलालच्या भट्टीचा ग्रह

हरलाल भडभुंज्याच्या भट्टीभोवती ग्रह धरला, तेव्हा नांदखेड्यात कोणी हातातलं काम टाकून पाहायला आलं नाही. भट्टी कायम पेटती असली आणि तिच्याभोवती धूळ फिरत राहिली की कधी ना कधी ग्रह धरतो, हे गावाला माहीत होतं. लोहाराकडे धरला होता. तो चांगला निघाला, पुढे त्याला चंद्रही झाला. कुंभाराकडे दोन धरले, एकमेकांवर आपटले आणि दोघांचा मिळून एक झाला. भडभुंज्याकडे मात्र तीन पिढ्यांत काही धरलं नव्हतं.

हरलालची भट्टी अंगणाच्या मधोमध. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. मोठ्या कढईत वाळू तापायची, वाळूत हरभरे तडतडायचे, त्यांचे फुटाणे व्हायचे आणि टरफलं वाऱ्यावर जायची. टरफलांचा भुगा, राख आणि चाळणीतून गळालेली बारीक वाळू धगीने वर उचलली जाई आणि भट्टीभोवती फिरत राही. सगळं मिळून एक चपटी, करडी चकती झाली होती, भाकरीसारखी. तिच्यातून ये-जा करता करता हरलालचे केस पांढरे झाले. ते धुळीने झाले की वयाने, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

एक दिवस त्या चकतीत कणाला कण चिकटला. चिकटले ते सुटले नाहीत. तिळाएवढं काहीतरी झालं, मग फुटाण्याएवढं, मग लिंबाएवढं. वाढलं तसं ते भोवतालचं आपल्याकडे ओढू लागलं, आणि ओढलं तसं आणखी वाढलं. घंगाळाएवढं होईपर्यंत हरलालने त्याचा विषय काढला नाही.

मग एका सकाळी तो म्हणाला, "बरा आहे."

उभ्या जन्मात त्याने कशाला बरं म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

सुरुवातीला ग्रह वेडावाकडा होता, रताळ्यासारखा. वजन धरलं तसे त्याचे उंचवटे आत ओढले गेले, खड्डे भरले आणि तो गोल झाला. हरलालची बायको कस्तुराबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता अंगाने भरला."

समोरच्या अंतू शिंप्याला हे खुपलं. त्याच्या कोळशाच्या इस्त्रीभोवतीही एकदा धरला होता, दोऱ्यांचा आणि खडूच्या भुग्याचा. पण वजन कमी पडलं. तो आल्याच्या तुकड्यासारखा राहिला, गोल झालाच नाही. तालुक्याची माणसं हातगाडी घेऊन आली आणि त्याला पट्ट्यावर सोडून गेली.

पट्टा म्हणजे बाजारतळापलीकडचं माळरान. ज्यांचा ग्रह झाला नाही ते लघुग्रह तिथे फिरत असतात, हजारोंनी, नावागावाशिवाय. त्या सगळ्यांनी एकत्र येऊन एक मोठा ग्रह करावा, असं कोणालाही वाटेल. पण पलीकडे साखर कारखाना आहे. कारखान्याचा ग्रह अवाढव्य, सगळा वाफेचा. तो जवळून जातो तेव्हा पट्ट्यावर असे हिसके बसतात की दोन तुकडे चिकटायचे सोडून एकमेकांवर फुटतात. अंतू बाजाराच्या दिवशी आपला पाहायला जायचा. पहिले काही आठवडे त्याला तो ओळखू आला. पुढे ओळखू येईना.

"काका, फार जीव लावू नका," अंतू दुकानातूनच म्हणाला. "तपासणीत नापास झाला की हातगाडी येते. माझाही असाच गोजिरा दिसायचा."

"तुझा ग्रह कुठला, आलं होतं ते," हरलाल म्हणाला.

"असेना. घरचं होतं."

हरलालला राग आला. त्या दिवशी कढई हलवताना त्याने मान वर करून ग्रह जागेवर आहे का ते पाहिलं. मग अंतू बघत नाही ना तेही पाहिलं.

तपासणीचा दिवस कळला तसं त्याने बायकोला सांगितलं, "साहेब येणार आहेत. भट्टीभोवतीचा रस्ता लख्ख पाहिजे."

"मी कधी घाण ठेवली?"

"लख्ख म्हणालो."

कस्तुराबाईने रस्ता दोनदा झाडला, वर पाण्याचा शिडकावा केला.

तालुक्याच्या कचेरीतून तांबोळी साहेब आले. सभ्य माणूस. चपला अंगणाबाहेर काढल्या, ग्रह समोरून जात होता म्हणून थांबले आणि तो गेल्यावर आत आले.

"तीन कलमं आहेत," ते म्हणाले. "एक, तो भट्टीभोवती फिरला पाहिजे. दोन, स्वतःच्या वजनाने गोल झालेला पाहिजे. तीन, आपला रस्ता त्याने मोकळा केलेला पाहिजे. तिन्ही बसली तर ग्रह. तो इथेच राहील. नाही बसली तर पट्टा."

"बसतील," हरलाल म्हणाला.

साहेबांनी आधी भट्टीतलं एक पेटतं लाकूड मागून घेतलं आणि ग्रहाच्या अंगाजवळ धरलं. ग्रह तसाच फिरत राहिला.

"हे कशाला?" कस्तुराबाईने विचारलं.

"शेपूट सुटते का पाहिलं. बर्फाच्या कारखान्यामागे थंडीत जे धरतात, त्यांच्या पोटात बर्फ राहतो. भट्टीजवळ आले की तो उडतो आणि धगीच्या उलट्या बाजूला शेपूट निघते. ते धूमकेतू. त्यांची वाट लांबुळकी, ते एका जागी राहणारे नव्हेत. तुमचा धगीजवळ धरलेला आहे. कोरडा, दगडी. हे चांगलं."

"गेल्या साली एक इथून गेला," अंतू कुंपणावरून म्हणाला. "पाटलांच्या लग्नाचे सगळे कपडे भिजवून."

"तक्रार त्याच वेळी करायची. आता तो परत येईल तेव्हा दुकानात तुमचे पणतू असतील."

"पणतूंना सांगून ठेवतो."

साहेबांनी ग्रहाला दोरी लावून घेर मोजला, उभा आणि आडवा. मग डोळे बारीक करून विचारलं, "हाताने वळलेला नाही ना?"

"मी लाडू वळते, साहेब," कस्तुराबाई म्हणाली. "एवढा मोठा कोण खाणार?"

बोटांचे ठसे कुठे दिसले नाहीत. दुसरं कलम बसलं. हरलालने छाती थोडी पुढे काढली. मग साहेब खाली बसले आणि रस्ता पाहू लागले. रस्ता लख्ख होता. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे झाडूचे फराटे आहेत," ते म्हणाले.

"मग?" हरलाल म्हणाला. "साहेब येणार म्हटल्यावर झाडायला नको?"

"ग्रहाने झाडायचा असतो, हरलालशेठ. वाटेत जे येईल ते त्याने पोटात घ्यायचं, नाहीतर दूर भिरकावायचं. तुम्ही झाडल्यावर त्याची ताकद मला कशी कळणार?"

हरलालचा चेहरा उतरला. तो कधी उतरलेला नसल्यामुळे कस्तुराबाईला आधी ओळखूच आला नाही.

"चंद्र म्हणून ठेवा," तो म्हणाला. "लोहाराकडे आहे तसा."

"चंद्र ग्रहाभोवती फिरतो. इथे ग्रह कुठे आहे?" साहेब उठले, गुडघे झटकले. "आठ दिवसांनी येतो. तोवर झाडू बंद."

झाडू बंद झाला. हरलालने तो उचलून पत्र्यावर टाकला. भट्टी चालूच होती, त्यामुळे टरफलं पडत राहिली, राख पडत राहिली, अंतूच्या दुकानातून कापडाचे काप उडून आले आणि कोणाच्या तरी कोंबडीची पिसं. ग्रहाने कसूर केली नाही. राख ओढून घेतली, टरफलं अंगाला लावून घेतली, एक पीस तर त्याने गिळल्यासारखं आत घेतलं. पण येणारं जास्त होतं आणि त्याचं बळ बेताचं होतं. चार दिवसांनी तो आपल्याच वाटेवर ठेचकाळू लागला.

"मला हे बघवत नाही," कस्तुराबाई म्हणाली.

"बघू नको."

"डोळे काढून फडताळात ठेवू?"

"सगळे असेच मोठे होतात."

"तुम्ही झालात का? तुमच्या पुढची वाट सासूबाईंनी झाडली, नंतर मी."

हरलाल कढई हलवत राहिला. त्याला तिचं म्हणणं पटलं होतं. त्याने ते दाखवलं नाही. ग्रह जवळून जाताना तो तोंडाने हळूच फुंकर घालायचा. फुंकरीने टरफलं हलायची, जायची नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी हरलाल विहिरीवरून आला तर रस्ता अर्धा स्वच्छ होता. कस्तुराबाईने अंतूच्या दुकानातला झाडू मागून आणला होता आणि पदर खोचून ती भट्टीभोवती झाडत चालली होती.

"अगं बाई, काय केलंस हे! आज यायचेत ते!"

"येऊ द्यात. सांगा, माझ्या बायकोला कचरा सहन होत नाही."

हरलालने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ग्रह आपल्या वाटेवर नव्हता. तो कस्तुराबाईभोवती फिरत होता. ती पुढे सरकली की तोही तिच्याबरोबर पुढे सरके. तिच्या खांद्यावरून पुढे येई, झाडूवरून जाई आणि पाठीमागे दिसेनासा होई. तिचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी हातगाडीच्या चाकांचा खडखडाट झाला. दोन हमाल होते आणि त्यांच्यामागे तांबोळी साहेब.

हरलाल मधे जाऊन उभा राहिला. "साहेब, चूक माझी. हिला काही बोलू नका. त्याला न्यायच्या आधी मला आणखी आठ दिवस द्या." तो थांबला. पुढचा शब्द त्याने आजवर वापरला नव्हता. "कृपा करून."

साहेबांनी त्याला हाताने बाजूला केलं. ते कस्तुराबाईकडे बघत होते.

"बाई, तुम्ही या भट्टीभोवती कधीपासून फिरता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. लाकडं इकडे, चाळणी तिकडे, पाणी पलीकडे. फिरल्याशिवाय कसं होणार?"

"दिशा एकच?"

"उलटी फिरले तर यांना धक्का लागतो. मग दिवसभर फणफणतात."

साहेबांनी मान हलवली. मग थोडे अवघडून म्हणाले, "दुसरं कलम आहे. मला विचारावं लागतं, वाईट वाटून घेऊ नका. हा जो गोलपणा आहे, तो तुमच्या स्वतःच्या वजनाचा आहे ना?"

"मग काय शेजारून उसना आणलाय?"

हमाल हसले. हरलालने त्यांच्याकडे पाहिलं, तसे गप्प झाले.

"आणि रस्ता कोण झाडतं?"

कस्तुराबाईने हातातला झाडू दाखवला.

"तिन्ही कलमं बसतात," साहेब म्हणाले. "हरलालशेठ, तुमच्या भट्टीचा ग्रह या आहेत. हा जो यांच्याभोवती फिरतोय, तो यांचा चंद्र. चंद्राला रस्ता झाडायचं बंधन नाही. त्याला इथून कोणी नेणार नाही."

"ती माणूस आहे, साहेब," हरलाल म्हणाला.

"माणूस नसावा, असं कलमात कुठे म्हटलेलं नाही."

हरलालने विचार केला. म्हटलेलं नव्हतं.

"आणि मी?" त्याने विचारलं.

"तुम्ही भट्टी पेटती ठेवायची. तुमच्यासाठी कलम नाही."

हे त्याला थोडं लागलं. पण काम तेच होतं, बापाचं आणि आजाचं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला त्याच्याइतकं येत नव्हतं. त्याने भट्टीत एक लाकूड सारलं. हमालांना ओंजळभर गरम फुटाणे दिले. ते रिकामी हातगाडी घेऊन खात खात गेले.

अंतू कुंपणाशी घुटमळत होता.

"साहेब, एका ग्रहाला चंद्र किती चालतात?"

"कितीही."

"आणि गोल नसला तर?"

"चंद्राला गोलाईची अट नाही. पट्ट्यावरचे किती तरी लघुग्रह पुढे कोणाकोणाचे चंद्र होऊन सुखात आहेत."

अंतूने कस्तुराबाईकडे पाहिलं. ती फेरी पूर्ण करून त्याच्यासमोर आली होती.

"काकी?"

"आण," ती पुढे जाता जाता म्हणाली. "पण धुऊन आण."

अंतूने दुकानाची फळी लावली आणि तो बाजारतळाच्या रस्त्याला लागला. आपला ओळखू येईल का, हे त्याने कोणाला विचारलं नाही.

तेव्हापासून हरलालच्या अंगणाची शिस्त बदलली. ग्रहाच्या वाटेत कोणी उभं राहायचं नाही, असा नियमच असल्यामुळे कस्तुराबाई आली की हरलालला बाजूला सरकावं लागतं. आयुष्यात तो कोणासाठी सरकला नव्हता. पहिल्या दिवशी त्याला ते जड गेलं. दुसऱ्या दिवशी तो आधीच सरकून उभा राहिला. गिऱ्हाइकं आता फाटकाबाहेर थांबतात आणि कस्तुराबाई पलीकडच्या बाजूला गेली की आत येतात.

तिसऱ्या प्रहरी ती एका फेरीत त्याच्या हातात चहाचा कप देते आणि न थांबता भट्टीआड जाते, चंद्र मागोमाग. हरलाल बशीत ओतून फुंकर मारतो आणि भराभर पितो. ती दुसऱ्या बाजूने येईपर्यंत तिला कप रिकामा लागतो.