तीनदा आणि मोठ्यांदा

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये नवे साहेब रुजू झाले, तेव्हा त्यांच्या बॅगेत एक तक्ता होता. वेगवेगळ्या वयाची माणसं कशी सांभाळावीत, या विषयावरच्या एक दिवसाच्या शिबिरातून त्यांनी तो तयार करून आणला होता. लॅबमध्ये माणसं तीनच. मेणात दात बसवणारे काका सहासष्टचे, पॉलिशवाल्या मावशी पन्नाशीच्या आणि संगणकावर आराखडा काढून मशीनवर दात करून घेणारी धाकटी तेवीसची. साहेब स्वतः चाळीसचे, म्हणजे तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात न बसणारे, आणि याचा त्यांना कोण अभिमान!

काकांपुढे लिहिलं होतं: मोठ्यांदा, सावकाश आणि तीनदा सांगावे. काम सुरू झाल्यावर बदल सांगू नये, गोंधळतात. मावशींपुढे: कामाआधी घरची विचारपूस करावी. धाकटीपुढे: दोन ओळींपलीकडे लिहू नये, शेवटी कौतुक करावे. साहेबांनी तो तक्ता इमानेइतबारे पाळला. "काका! मेण! गरम! ठेवा!" असं ते ओरडायचे. काकाही तेवढ्याच जोरात "ठेवलंय, साहेब!" म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि धाकटीसुद्धा साहेबांशी ओरडूनच बोलू लागल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर राहून लागते सवय, असं म्हणून साहेबांनी ते सोडून दिलं.

तीन महिने संपत आले. साहेबांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मालकीण डॉक्टरबाई शुक्रवारी येऊन ठरवणार होत्या. इकडे साहेबांच्या बायकोने नव्या हुद्द्याची बातमी माहेरापासून शेजारापर्यंत सगळीकडे पोचवलेली. त्यात बाईंनी स्वतःच्या वडिलांचीच कवळी करायला दिली होती. शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांपुढे वडिलांचं भाषण होतं.

मंगळवारी बाईंचा फोन आला. "बाबांना इतके पांढरे दात नकोत म्हणे. एक नंबरची शेड रद्द करा, तीन नंबर घ्या. जरा पिवळसर."

वरचे दात काका लावत होते, खालचे धाकटी करत होती. साहेबांनी तक्ता काढला. धाकटीला मेसेज गेला: 'शेड बदलली, तीन नंबर घे. झकास चाललंय!' काकांचं काम सुरू झालेलं, तेव्हा त्यांना बदल सांगायचा नव्हता. मावशी जाता जाता त्यांच्या कानावर घालतील म्हणून साहेब मावशींकडे गेले आणि नियमाप्रमाणे आधी घरचं विचारलं. सासूबाईंचे गुडघे झाले, मुलीची परीक्षा झाली, जावेचं नवं घर आलं. जावेच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत कवळी साहेबांच्या डोक्यातून पार गेली.

गुरुवारी मावशीच आल्या. "साहेब! त्या कवळीचं सांगायचं होतं!"

"सांगाल हो. आधी गुडघे कसे आहेत ते सांगा," साहेब म्हणाले. मावशी गुडघ्यांचं सांगून परत गेल्या.

शुक्रवारी सकाळी साहेबांची नजर मावशींच्या टेबलावर गेली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरचे दात पंचविशीतले, खालचे सत्तरीतले. एकाच तोंडात दोन पिढ्या, आणि बाहेर बाईंची गाडी येऊन थांबलेली.

बाई वडिलांना घेऊन केबिनमध्ये आल्या. "झाली कवळी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही आणि तिथूनच मागे फिरलं. "त्याचं काय आहे, बाई," साहेब म्हणाले, "मी काकांना बदल सांगितला होता. तीनदा, मोठ्यांदा. पण वय झालंय त्यांचं. ऐकूच येत नाही हो त्यांना."

"काकांना?" बाई बघतच राहिल्या.

दारात काका उभे होते, हातात डबी घेऊन. किती वेळ उभे होते कोण जाणे. आत येऊन त्यांनी डबी उघडली. वरचे दात पिवळसर होते आणि खालचेही. वडिलांनी कवळी बसवली, आरशात हसून पाहिलं आणि म्हणाले, "हां, हे माझे दात वाटतात."

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणे?" बाईंनी विचारलं.

काकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं. "वय झालं, बाई. तीनदा सांगावं लागतं. पण साहेब सांगतात, न कंटाळता."

बाईंनी तिथल्या तिथे साहेबांना कायम केल्याच्या पत्रावर सही केली. "माणसं सांभाळता येतात हं तुम्हाला," त्या म्हणाल्या. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी गेल्यावर ते बाहेर आले. "टेबलावरचे वरचे दात रद्द झालेत!" मावशींनी ओरडून सांगितलं. "खालचे म्हणजे नुसता मशीनवरचा नमुना! बुधवारी जेवताना हिने तुमचा मेसेज दाखवला! काकांनी वरचे सगळे दात तीन नंबरचे घेऊन नव्याने लावले!"

साहेब काकांजवळ गेले. "काका," ते पुटपुटले, "माझी चूक मी तुमच्यावर ढकलली. तुम्हाला तर सगळं ऐकू येतं."

काका चमकले. मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, हे ऐकू येतंय तुम्हाला?"

"येतंय की."

काकांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी धाकटीकडे.

"पहिल्या दिवशी तुम्ही ओरडत आलात ना," धाकटी म्हणाली, "तेव्हाच काका म्हणाले होते, साहेबांना कमी ऐकू येतं. एवढ्या तरुण वयात, बिचारे! कोणी बोलून दाखवायचं नाही, नुसतं मोठ्यांदा बोलायचं."

"बाईंनाही कळू दिलं नाही आम्ही," मावशी तीन महिन्यांत पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, तेवढ्यावरून उगाच माणसाची नोकरी जायची."

साहेबांना ते स्वच्छ ऐकू आलं, एकदाच आणि हळू सांगितलेलं.