हळू बोला, आंबे झोपलेत

मे महिन्यात आमच्या घरात मोठ्याने बोलायला बंदी असे. घरात कुणी आजारी नसे, तान्हं मूलही नव्हतं. आतल्या खोलीत लोखंडी खाटेखाली, भाताच्या पेंढ्यात आंब्यांची आढी लागलेली असे, आणि माझ्या बायकोच्या म्हणण्यानुसार आंबे झोपलेले असत.

एरवी मालती चारचौघींसारखी बाई. पण आढी लागली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. रोज सकाळी ती खाटेखाली अर्धी शिरे, बाहेर फक्त पाय दिसत. एकेक आंबा उचलायचा, देठाशी नाक लावायचं, कूस बदलून परत ठेवायचा. आतून बातम्या येत. "हा अजून गाढ आहे." "याची झोप चाळवलीय." "हा उद्या उठेल." उठलेलाच आंबा ताटात यायचा. मी एकदा एक आंबा बोटाने दाबून पाहिला, तर म्हणाली, "दाबता काय? तुम्हाला कुणी झोपेत असं दाबलं तर?"

आमची दोन मुलं मात्र पहाटे सहाला तोंडावर पाणी मारून उठवली जात. अभय तेव्हा पंधरा वर्षांचा, निलेश तेराचा. दर सुट्टीत त्यांच्या पँटी आखूड होत आणि पोळ्यांचा डबा दुपारीच रिकामा होई. भांडायला त्यांना काहीही पुरे. कूलरसमोरची जागा, सायकलचा पंप, आंब्याची कोय. एका कोयीवरून आठवडाभर अबोला धरलेला मी पाहिलाय.

मालतीचं नाक पोरांनाही सोडत नसे. खेळून आली की ती डोकी हुंगे.

"कालव्यावर पोहायला गेला होतास."

"नाही गं आई, नळाखाली डोकं धरलं," अभय म्हणे.

"नळाला शेवाळाचा वास येत नाही."

हे आंबे तिच्या माहेरचे. निफाडजवळ तिच्या वडिलांनी, तात्यांनी, लावलेलं एकच गावरान झाड होतं. शेप्या आंबा. पिकला की बडीशेपेसारखा वास. तात्या गेले, आणि बारा वर्षांपूर्वी तिच्या भावाचा निरोप आला की द्राक्षबाग वाढवतोय, एवढा बहार उतरला की झाड काढावं लागेल. मालती "बरं" एवढंच म्हणाली. त्या वर्षी तिने आढीत दुप्पट पेंढा घातला.

झाड तसं लवकर येणारं, त्यात त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उशिरा आलेली. आखाजीला पितरांच्या ताटात आंबा असतो. आमच्या घरच्या पितरांचं सगळं रीतसर होई, पण त्याशेजारी मालती तात्यांच्या नावाने एक आंबा गुपचूप ठेवत असे. सणाच्या दोन दिवस आधी एकच आंबा उठला. तिने तो धुवट फडक्यावर वेगळा काढून ठेवला आणि आम्हा तिघांना बजावलं, "हा तात्यांचा. याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

त्या दुपारी मी सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी करून घरी आलो. मालती शेजारी कुरडया घालायला गेलेली, पोरं उंडारायला. घरभर तो वास. मी फक्त वास घ्यायला वाकलो होतो. हे वाक्य मी गेली बारा वर्षं स्वतःशी म्हणत आलोय. आंबा मी मोरीत उभ्याने खाल्ला. साल आणि कोय मागच्या भिंतीपलीकडे फेकली. साबणाने दोनदा हात धुतले, आणि पेपर उघडून बसलो.

संध्याकाळी मालती केसांत पेंढ्याच्या काड्या घेऊन खाटेखालून बाहेर आली. "तात्यांचा आंबा कुणी घेतला?" तिने विचारलं. तेही हळूच, बाकीचे झोपलेले होते ना.

मी पेपर खाली घेतला. बोलणारच होतो. तेवढ्यात अभय म्हणाला, "मी खाल्ला."

"दादा खोटं बोलतोय," निलेश म्हणाला. "मी खाल्ला."

"ए, गप. मी खाल्लाय."

"आई, त्याला बडीशेप आवडत पण नाही."

अभयला वाटलं निलेशने खाल्ला, निलेशला वाटलं दादाने. एका कोयीवरून बोलणं टाकणारी ही पोरं चोरी आपल्या अंगावर ओढून घ्यायला भांडत होती. मालतीने दोघांचे तळहात नाकाशी धरले. काही बोलली नाही.

बोललो मी. चोराचा आवाज जरा जास्तच चढतो. "रविवारचं त्र्यंबक रद्द. दोघांचंही."

कॉलनीतली पोरं सायकलींवरून त्र्यंबकेश्वरला जाणार होती. पंधरा दिवस आमचे दोघं चेनला तेल घालत होते, पंक्चर काढत होते, वाटेत कुठे थांबायचं यावरून मारामारी करत होते.

"अहो, जाऊ द्या त्यांना," मालती म्हणाली.

"तुझ्या लाडांनीच हे झालंय," मी म्हणालो.

रविवारी सकाळी गल्लीतून सायकलींच्या घंट्या वाजत गेल्या. आमचे दोघं खिडकीत उभे होते. दिवसभर ते कशावरूनही भांडले नाहीत. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढे झाड गेलं. पोरंही गेली, अभय पुण्याला, निलेश बंगळूरला. दिवाळीला जमले की हा विषय निघतोच. "कबूल कर निल्या, आता आई मारणार नाही." "तू कर." मी आपला खाली बघून जेवत असतो.

यंदाच्या मेमध्ये मालती बाजारातून आणलेले आठ आंबे पेंढ्यात निजवत होती. मी खाटेपाशी उभा राहिलो आणि तिच्या पायांना म्हणालो, "तात्यांचा तो आंबा मी खाल्ला होता."

"ठाऊक आहे," आतून आवाज आला. "हात धुतले होतेत. मिश्या कुणी धुवायच्या?"

मी खाटेवर बसलो. "मग बोलली का नाहीस?"

ती बाहेर आली. केसांतली काडी काढायलाही तिचा हात वर गेला नाही. "पोरं एकमेकांसाठी खोटं बोलली त्या दिवशी. जन्मात पहिल्यांदा. ते मोडवेना मला."

"आणि तात्यांना काय ठेवलंस?"

"होता त्यातला एक ठेवला. कच्चाच. म्हटलं, तात्या, हा अजून झोपलाय, तुमच्या हाताने सावकाश उठवा." मग म्हणाली, "माझं राहू द्या. पण पोरांचं त्र्यंबक बुडवलंत तुम्ही. त्यांना सांगा."

मी अभयला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हणजे निल्याने खाल्ला नव्हता?"

"नाही."

"मग तो कशाला म्हणाला, मी खाल्ला?"

"तू कशाला म्हणालास?"

"ठेवतो, बाबा," तो म्हणाला.

मग निलेशला लावला. फोन व्यस्त. थोड्या वेळाने परत लावला, व्यस्त. अभयला लावून पाहिला, तर तोही व्यस्त. अर्ध्या तासानेही तेच. मी फोन हातात धरून खाटेवर बसून राहिलो. मालती परत खाटेखाली शिरली होती. खाली पेंढा सळसळला.

"बोलू देत त्यांना," मालती खाटेखालून म्हणाली. "तुम्ही हळू बोला. झोपलेत."

मी काही बोललोच नव्हतो.