सहा जाळ्यांचा मान

खरवईच्या सुजित म्हसकरचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका इंटरनेटवर टाकावी असा विचार त्याच्या मनात आला. विचार वाईट नव्हता. तो घरात बोलून दाखवला, ही चूक झाली.

साल २००७. सुजित प्रोग्रामर. मजकूर साधा टाइप करायचा, मधे मधे खुणा द्यायच्या आणि पान उघडलं की खुणा गायब होऊन त्यांचं काम तेवढं दिसायचं, अशा पद्धतीने त्याने पत्रिका लिहिली. शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन तारे दिले की अक्षर ठळक. ओळीच्या आधी एक जाळी, म्हणजे फोनच्या बटणांवर असते ती # खूण, दिली की मोठ्ठा मथळा. दोन दिल्या की त्याहून लहान, तीन दिल्या की आणखी लहान. असं सहापर्यंत. सहावा मथळा इतका बारीक, की औषधाच्या बाटलीवरची तारीख त्याच्यापुढे भिंतीवरची जाहिरात वाटावी.

सुजितचे वडील बाळाजी अंबरनाथच्या एका कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पडद्यावरच्या अक्षरावर त्यांचा विश्वास नव्हता. "मूळ प्रत आण," ते म्हणाले. सुजितने खुणांसकट मजकूर छापून आणला. बाळाजींनी त्यावर 'अवलोकनार्थ' असा शेरा मारला आणि कागद भावकीत फिरवला.

दुसऱ्याच दिवशी किसनकाका दारात उभे.

"सुज्या, मला एक जाळी, नि उल्हासनगरच्या हिरामणला दोन? मी सख्खा चुलता, तो मामा. मोठा कोण?"

"काका, एक म्हणजेच सगळ्यात मोठं. जाळ्या कमी, तेवढं अक्षर मोठं."

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पोरा, ज्याला कमी मिळालं त्याचा मान मोठा, असं कुठं बघितलंस तू? पंगतीत एकच जिलबी वाढली तर माणूस खूश होऊन उठतो का?"



रविवारी बैठक बसली. बाळाजींनी विषय वाचला: जाळीवाटपाचं धोरण. सर्वानुमते ठरलं की चुलते, मामा आणि आत्यांचे यजमान यांना प्रत्येकी सहा जाळ्या, चुलतभावांना चार, शेजाऱ्यांना दोन. नवरा-नवरी काय, घरचीच पोरं. त्यांची समजूत घालून त्यांना एकेक द्यावी.

"अहो, आणि मला?" सुजितच्या आईने, विठाबाईंनी, चहा ठेवता ठेवता विचारलं.

"तू यजमानीण. तुला तारे देऊ."

सुजितने हे सगळं होणाऱ्या बायकोला, अक्षदाला, फोनवर सांगितलं. ती बराच वेळ हसली. "मंजूर करून टाक," ती म्हणाली. "ठरावाप्रमाणे माझंच नाव सगळ्यात मोठं येतंय."

तसंच आलं. पानावर सुजित आणि अक्षदा पाटीएवढे, आणि खाली सगळी वडीलधारी मंडळी मुंग्यांच्या रांगेसारखी. पण भावकी मूळ प्रत पाहून तृप्त होती.

अडचण केली ती हिरामणमामांनी. त्यांचं उल्हासनगरात कापडाचं दुकान. त्यांनी सुजितला गुपचूप फोन केला. "भाचा, सहा तर सगळ्यांनाच है. मला सात मार ना. दाजींना बोलू नको."

सुजितने सातवी जाळी दिली. नियम सहापर्यंतच असल्याने सातवी गायब झाली नाही, जशीच्या तशी उमटली. मामांनी दुकानाशेजारच्या सायबर कॅफेत जाऊन पान उघडलं आणि तिथूनच घरोघर फोन लावले. "पूरे खानदानात एकच जाळी निघाली, ती पण माझी!"

संध्याकाळपर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"सहा मंजूर झाल्या, हातात एक नाही," किसनकाका कडाडले. "मधल्या मधे खाल्ल्या कोणी?"

"काका, खुणा कोणी खात नाही. त्यांचं अक्षर होतं."

"सहा जाळ्यांत एवढंसं अक्षर? रस्त्याचा कंत्राटदारपण असंच सांगतो!" काकांनी टोपी घातली. "माझ्या जाळ्या दिसल्या नाहीत, तर मी लग्नाला दिसणार नाही."

विठाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दे रे बाबा त्यांच्या त्यांना," त्या म्हणाल्या.

सुजितपुढे एकच मार्ग होता. ओळीच्या आधी चार जागा मोकळ्या सोडल्या, की तो मजकूर जसाच्या तसा दिसतो. प्रोग्रामर लोक कोडचे तुकडे दाखवायला असं करतात. त्याने सगळी पत्रिकाच चार जागा आत सरकवली. आता सगळ्या जाळ्या, सगळे तारे पडद्यावर हजर. पत्रिका गोठ्याच्या दारासारखी दिसत होती. भावकी खूश झाली.

त्याच आठवड्यात बदलापूरचं कार्यालय हातचं गेलं आणि अंबरनाथचं ठरवावं लागलं. बदलाची सूचना बाळाजींनी स्वतः लिहिली: 'उपरोक्त विवाहाच्या अनुषंगाने सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव...' अंबरनाथ हा शब्द वाक्याच्या पार शेवटी. कोडच्या तुकड्यात ओळ आपोआप मोडत नाही, ती सरळ पडद्याबाहेर जाते. सुजित म्हणाला, "बाबा, वाक्य तोडूया."

"माझं वाक्य साहेबानेसुद्धा तोडलं नाही," बाळाजी म्हणाले.

लग्नाच्या दिवशी अंबरनाथला नवरीकडचे लोक होते आणि सुजितचे मित्र होते. भावकी नव्हती. विठाबाई दाराकडे बघत राहिल्या. मुहूर्त थांबेना, तेव्हा अंतरपाट दूर झाला.

संध्याकाळी किसनकाका आणि हिरामणमामा घरी आले. दोघांच्या डोक्याला फेटे, हातांत नारळ.

"झकास झालं लग्न!" काका म्हणाले. "बदलापूरकरांनी माझं नाव माइकवर दोनदा घेतलं. फक्त सुज्या, तू जरा जाडा वाटत होतास."

सुजितने तोंड उघडलं, पण अक्षदाने त्याचा हात दाबला आणि वाकून काकांना नमस्कार केला.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

आपण मात्र काकांना हसू नये. घरी आलेली शेवटची पत्रिका आठवा. तिच्यात आपलं नाव कुठे होतं, कोणाच्या खाली होतं आणि त्यात काय चुकलं होतं, हे आपल्याला चोख सांगता येईल.

आता त्याच पत्रिकेतल्या नवरीचं नाव सांगा.