नरसिंगअण्णांचा फॉर्म

नरसिंगअण्णांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मिलमधली जुनी माणसं भेटली की अण्णांचा विषय निघतोच. सगळे हसतात, मीही हसतो आणि पावसापाण्याचं विचारू लागतो. आता माझं वय झालं आहे. खरं काय ते एकदा लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

अण्णा वर्षातून पंधरा दिवस, रोज सकाळी चहाच्या सुट्टीत, पडत असत.

चक्कर येऊन नव्हे. पोत्यांच्या थप्पीवर चढायचे, खाली तुरीच्या भुशाचा ढीग आहे याची खात्री करून घ्यायचे, चष्मा काढून जवळच्या माणसाकडे द्यायचे आणि पडायचे. मग भुशात तसेच उताणे राहून जमलेल्या हमालांना विचारायचे, "मी पडलो. आता सांगा, माझ्या घरची चूल कोन पेटवायलंय?"

अण्णा उठायचे, चष्मा लावायचे आणि खिशातून फॉर्म काढायचे.

आमची डाळमिल हुमनाबादच्या रस्त्यावर. अण्णा काट्यावर, म्हणजे भरल्या गाड्यांचं वजन करायला, मी हेडक्लार्क. कायद्यानं मिळायचा तो विमा सगळ्यांना होताच. त्याच्यावर एका कंपनीनं जादा विमा देऊ केला होता. अपघाताचा, दवाखान्यात पडून राहावं लागलं तर त्या दिवसांचा. घ्यायचा त्यानं दर वर्षी फॉर्म भरून घ्यावा, पगारातून थोडं थोडं कापून जाईल. मालकांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या खिशातून काय जायलंय?" काही नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग योजना चांगली हाय."

पहिल्या वर्षी आधी कुणीच सही करेना. पाय मोडण्याच्या कागदावर सही केली की पाय मोडतो, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. हुसेनचाचा हमालांमध्ये सगळ्यात जुने. ते म्हणाले, "टांग टूटने का फारम भरे, और टांग कू मालूम पड्या तो?"

दुसरा कुणी हसला असता. अण्णांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी येऊन सांगितलं, "चाचा, फारम इंग्लिशमध्ये हाय. तुमच्या टांगेला इंग्लिश येतंय व्हय?"

चाचांनी सही केली. चाचांनी केली म्हणून बाकीच्यांनी केली.

तेव्हापासून अण्णांना दुसरा विषय उरला नाही. कोणता अवयव गेला तर काय मिळतं याचा तक्ता त्यांना पाठ होता आणि माणसाकडे ते त्या तक्त्यातूनच बघत. हातात हात घेतला की अंगठा दाबून म्हणायचे, "लई किमती हाय ह्यो. जपा." एका लग्नात तर नवरदेवाला अक्षता टाकता टाकता कानात सांगितलं, "वारस म्हनून आईचं नाव हाय तुझ्या फॉर्मावर. आता बायकोचं घालावं लागंल. आज न्हाई, सत्यनारायन झाल्यावर ये."

स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. राजेश्वरला, त्यांच्या गावी, थोडं शेत, एक म्हैस आणि विधवा थोरली बहीण शांताक्का. आक्कांचे यजमान दुसऱ्या एका मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून पडून गेले होते, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांनी कधी सांगितलं नाही. ते फक्त पडून दाखवत.

मुद्द्याचं आता लिहितो.

फॉर्म भरायचे पंधरा दिवस त्या वर्षी येळवसेच्या दुसऱ्या दिवशी संपत होते. सकाळी दहाला कंपनीचा माणूस येऊन गठ्ठा नेणार होता. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. अण्णांनी आम्हा सगळ्यांना शेतात जेवायला बोलावलं होतं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, भाकरी, ताकाची आंबील. सगळ्यांचे फॉर्म माझ्या टेबलावर पोचले होते, फक्त अण्णांचा यायचा होता.

"तुमचा कामून राहिला?" मी विचारलं.

"वाढप्यानं आधी जेवायचं आस्तंय व्हय साहेब?" असं म्हणून त्यांनी कडब्याच्या खोपीतून फॉर्म आणला. शाईच्या पेनानं भरलेला. बॉलपेनच्या सहीला वजन नसतं, असं काट्यावरच्या या माणसाचं म्हणणं होतं. माझे हात भज्जीनं भरलेले, म्हणून त्यांनीच तो माझ्या जाकिटाच्या खिशात सरकवला.

जेवणानंतर शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचं असतं. तो मान अण्णांनी मला दिला. मडकं खांद्यावर, ढेकळांतून चालणं, त्यात पोट भरलेलं. शेतावर किती शिंपडली ठाऊक नाही, माझ्या जाकिटावर बरीच सांडली. घरी येऊन खिशात हात घातला तर फॉर्मचा निळा लगदा.

सकाळी लवकर जाऊन कोरा फॉर्म भरून घ्यावा, असं ठरवून झोपलो. आंबील पोटभर प्यालेला माणूस लवकर उठत नाही. मी मिलमध्ये पोचलो तेव्हा गठ्ठा गेला होता.

अण्णांनी काट्याच्या खिडकीतून हाक मारली, "साहेब, गेला का माझा?"

मी म्हणालो, "गेला."

एवढंच. पुढच्या वर्षी भरून घेऊ, एक वर्षाचा तर प्रश्न, असं मनाला समजावलं.

दोन महिन्यांनी, पगारातली कपात सुरू व्हायच्या आधीच, अण्णा थप्पीवरून पडले. गोणीचं लेबल बघायला चढले होते. खाली भुसा नव्हता आणि चष्मा डोळ्यावर होता. तरीही आम्ही सगळे लांबून हसलो. एक जण ओरडला, "अण्णा, उठा, भरलाय आमी फॉर्म!" ते उठेनात, तेव्हा चाचा पळत गेले.

खुबा मोडला होता. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आठवड्यानं मी आणि चाचा कंपनीच्या माणसाला घेऊन गेलो. त्यानं यादी वरून खाली, खालून वर पाहिली आणि म्हणाला, "यांचं नाव नाही."

चाचा वाकून म्हणाले, "अण्णा, फारम दिये थे ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

"ऱ्हायला वाटतं माझ्याकडंच," अण्णा म्हणाले.

मिलला पुढे कित्येक वर्षं पुरेल एवढा विनोद झाला. सगळ्यांचे फॉर्म भरणारा स्वतःचाच विसरला!

पावसाळ्यात मी राजेश्वरला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. अण्णा ओसरीवर काठी घेऊन बसले होते. शांताक्कांनी काळा चहा दिला. "गोड मानून घ्या. म्हैस इकली दवाखान्यापायी."

आक्का आत गेल्यावर अण्णांनी विचारलं, "औंदा लोकं भरतील ना?"

"भरतील."

"तवा दवाखान्यात मी म्हनलो आस्तो, फॉर्म हापिसातून ऱ्हायला, तर एकबी भरला नसता. आधीच टांगेला भ्यायलेली मानसं." मग माझ्या पायाकडे बघून, "तुमचा दुखरा गुडघा काय म्हंतोय?"

गुडघ्याचं मी सविस्तर सांगितलं. तेवढ्यात बस आली.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. मी जाऊन आलो. शांताक्का येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "साऱ्या दुनियेचं केलं आन् सोताचंच इसरला, येडा." अजूनही सांगतात. दर येळवसेला मला निरोप धाडतात, मीही जातो, त्या आग्रह करकरून वाढतात. मी जेवतो आणि परत येतो. दर वेळी जातानाच्या बसमध्ये मी तेवढंच घोकत असतो:

आक्का, अण्णा विसरले नव्हते. फॉर्म त्यांनी माझ्याकडे दिला होता. तो मी खराब केला आणि गेला म्हणून खोटं सांगितलं. मला माफ करा.